शिवेवर थांबलेली जीप

मला सापांची भीती वाटते. नुसत्या चित्रातल्या सापाचीही वाटते. आणि काम करते ते सर्पदंशाच्या मोहिमेत. मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात भाड्याची खोली घेऊन राहते आणि लोकांना सांगत फिरते की साप चावला तर भगताकडे जाऊ नका, दवाखाना गाठा. पहिल्याच बैठकीत मी विषारी सापांचा तक्ता डोळे अर्धवट मिटून भिंतीवर लावला, तर मागून एक बाई म्हणाली, "ताई, साप उलटा लागला गो. ह्यो आता शेपटीनं चावंल." सगळ्या हसल्या. मीही हसले. तक्ता मात्र उलटाच राहिला.

कॉलेजात मी पत्रकं लिहायचे. विद्यार्थी संघटनेची. फीवाढ, वसतिगृहातलं पाणी, मुलींच्या बसची वेळ. पत्रक कसं लिहायचं ते मला तिथे शिकवलं गेलं: पहिल्या ओळीत शत्रू दिसला पाहिजे, शेवटच्या ओळीत मागणी. मध्ये काय लिहिता ते कुणी वाचत नाही. पुढे नोकरी लागली आणि पत्रकं सुटली. कल्याणला एका विमा कंपनीत अपघाती मृत्यूंचे दावे तपासायचं काम. त्यात शहापूर, मुरबाडकडून सर्पदंशाचे दावे यायचे. माणूस भगताच्या अंगणात गेलेला, तिथूनच स्मशानात नेलेला, शवविच्छेदन नाही, म्हणून दावा नामंजूर. वर्षानुवर्षं मी हे वाचलं. कंपनी नियमाने वागत होती, आणि त्या नियमाने रोज कुणाची तरी विधवा रिकाम्या हाताने परत जात होती. एक दिवस मी टेबलावर ओरडले. शेजारचा म्हणाला, "चहा घे." मी राजीनामा दिला आणि सर्पदंशाची मोहीम चालवणाऱ्या एका संस्थेत लागले.

सांगायला हे छान वाटतं. पण बत्तिसाव्या वर्षी नवशिकं होणं म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. संस्थेत माझ्याबरोबरची मुलं समाजकार्याची पदवी घेऊन आलेली, माझ्यापेक्षा खूप लहान. ती कुठल्याही ओट्यावर पाय सोडून बसायची आणि म्हातारीच्या हातची तंबाखूसुद्धा मळून द्यायची. मला अंगणात कुठे बसावं तेही कळायचं नाही. ऑफिसात लोक माझी सही मागायला यायचे, इथे मी लोकांची दारं वाजवत होते. आसनगावला आई एकटी. ती फोनवर म्हणायची, "ऑफिसात लोकांना बढती मिळते, तुला गाव मिळालं."

भीती सतत असायची. बांधावरून चालताना पायाखालची, आणि खोलीत पडल्यावर पुढच्या वर्षांची. माझ्या जुन्या जागेवर बसलेली मुलगी आता माझ्यापुढे गेली असेल. आईचे गुडघे गेले तर? संस्थेचा निधी थांबला तर? आणि सगळ्यात वाईट विचार हा, की मी इथे आल्याने एकही माणूस वाचलेला नाही.

ज्यांच्या घरी खोली होती त्या काकू भातशेती करणाऱ्या, आवाजाने करड्या. त्यांची सून माझ्याच वयाची. मी तिला वहिनी म्हणायचे. तिचा नवरा मुरबाडच्या कारखान्यात, सकाळी अंधारातच जाणारा. गवतात काठी आपटत कसं चालायचं ते वहिनीने मला शिकवलं. "जोरात आपटा ताई, साप बहिरा असला तरी पायांनी आयकतो." सापाला पाय कुठे असतात, असं मी म्हटलं, तेव्हा ती बांधावरच खाली बसून हसली होती.

मोहिमेचा शत्रू ठरलेला होता. भगत. आमच्या पत्रकाची पहिली ओळ मीच लिहिली होती: "मंत्रात वेळ जातो. वेळ गेला की माणूस जातो." गावचा भगत साठीच्या पुढचा, हाडकुळा, पक्का मानी. मी त्याच्या मागे लागले ते सोडलंच नाही. त्याच्या खळ्यावर जाऊन भांडले, त्याच्या सुनेला समजावलं, सरपंचांना मध्ये घातलं. शेवटी पावसाळा संपता संपता गावदेवापुढे सभा भरली. गावदेव म्हणजे देऊळ नव्हे, ओढ्याकाठचा एक जुना उंबर, त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेले दगड आणि एक लाकडी वाघ. तिथे भगताने सगळ्यांसमोर नारळ ठेवला आणि म्हणाला, "आजपासनं विखाचा मंत्र सोडला. मंग कुनी माझ्या दारात याचं नाय." टाळ्या वाजल्या. मी सगळ्यात जोरात वाजवल्या. त्याचा फोटो नव्या पत्रकावर छापून भिंतीभिंतीवर लावला. संस्थेतल्या सरांनी फोन करून शाबासकी दिली. सरांचे शब्द होते, "हे गाव आपलं मॉडेल."

तरीही मी निघायचं ठरवलं होतं. विमा कंपनीतल्या जुन्या मॅडमचा फोन आला होता. एक जागा रिकामी झाली आहे, येऊन भेट. मी लगेच हो म्हटलं, आणि हो म्हणताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. काकूंना सांगितलं, आईची तब्येत बघून येते. वहिनीला मात्र खरं सांगितलं होतं. ती फक्त म्हणाली, "मंग तिकडं कपडे इस्त्रीचे लागतील," आणि शेजारून इस्त्री मागून आणली.

तो दिवस भातकापणीचा. सगळं गाव शेतात. मी इस्त्रीचा ड्रेस घालून सकाळच्या जीपमध्ये बसले होते. गावातून मुरबाडला जाणारी ही एकच जीप, भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हर बॉनेटला टेकून बिडी ओढत होता. "आज कापनी हाय, शिटा कुठून येनार? तुमी चार शिटांच्या जागंवर आडव्या व्हा."

मी काही उत्तर देणार तेवढ्यात शेताकडून आरडाओरडा आला. वहिनीचा धाकटा दीर तिला पाठीवर घेऊन धावत होता. मागून काकू, हातात विळा तसाच. कापून पसरलेल्या भाताची कडपं उचलताना खालून घोणस निघाली होती. पायाच्या घोट्याला चावली. दिराने ती पाहिली होती. त्याने रंग सांगितला, अंगावरचे ठिपके सांगितले, आणि मला तो उलटा लावलेला तक्ता डोळ्यांसमोर दिसला. तिसरं चित्र. मी रोज ज्याच्यावरून नजर काढून घ्यायचे ते.

पण क्षणभर मला चक्क हायसं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. दिवस होता. गाडी दारात उभी होती. घरच्यांनी कुठलाही वेळ न घालवता पेशंट आणलं होतं. भगत मध्ये नव्हता. पत्रकात छापलं होतं तसंच सगळं होत होतं. वहिनीला मागच्या बाकावर आडवं केलं, डोकं काकूंच्या मांडीवर. पाय हलू द्यायचा नाही, घट्ट बांधायचं नाही, चालवायचं नाही, हे मी ओरडून सांगत होते आणि सगळे ऐकत होते. ड्रायव्हरने बिडी फेकली. जीप सुटली.

आणि गावाच्या शिवेवर येऊन थांबली.

शिवेवर शेंदूर लावलेला एक दगड आहे. मी त्याच्यावरून रोज ये-जा करत होते. ड्रायव्हरने दगडाच्या अलीकडे गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं? पंक्चर?"

"विख बांधलं नाय ना अजून." तो मागे वळून काकूंकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

काकू म्हणाल्या, "नाय. भगताला आना कुनी."

मला काही कळेना. मग दिराने मला एखाद्या पाहुणीला सांगावं तसं सांगितलं. शिवेच्या आत गावदेव राखतो. शिवेबाहेर त्याचं चालत नाही. साप चावलेल्या माणसाचं विष भगताने दोऱ्याने बांधल्याशिवाय त्याला शिवेपार न्यायचं नाही, नेलं तर विष मोकळं होतं आणि माणूस वाटेतच जातो. पूर्वीपासूनच असं. आधी दोरा, मग मंत्र, मग कुणी दवाखान्यात जायचं म्हटलं तर दवाखाना. मंत्र मी बंद पाडला होता. दोरा त्याच मंत्राबरोबर गेला होता. आणि गावदेवापुढच्या त्या सभेनंतर गावात साप चावलेली वहिनी ही पहिलीच.

म्हणजे भगत असताना माणसं उशिरा का होईना, शीव ओलांडायची. भगत बंद पाडून मी ती वाटच बंद केली होती.

"मग त्या दिवशी टाळ्या कशाला वाजवल्या?" मी काकूंवर ओरडले.

"तुमी वाजवल्या म्हनून."

वहिनी डोळे मिटून पडली होती. घोट्याची सूज पिंढरीपर्यंत चढली होती, कातडी चकाकत होती. ती हळू आवाजात म्हणाली, "आत्या, जाऊ द्या ना गाडी." सासूला ती आत्या म्हणायची. काकूंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. दुसऱ्या हातातला विळा त्यांनी अजून सोडला नव्हता. तेव्हा मला कळलं की त्या हट्ट करत नव्हत्या. त्या माझ्यासारख्याच घाबरल्या होत्या, फक्त वेगळ्या गोष्टीला. त्यांच्या डोळ्यांपुढे सून शिवेपलीकडे मरत होती, माझ्या डोळ्यांपुढे शिवेअलीकडे.

मी जीपवाल्याला म्हटलं, "चावी द्या. मी चालवते."

"येते काय?"

"नाही येत."

"मंग?"

रुग्णवाहिकेला फोन लावावा तर रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर. आणि लागला असता तरी काय, ती गाडीही याच दगडापाशी उभी राहिली असती. मी बस झालं म्हणून, मूर्ख म्हणून, खुनी म्हणून ओरडले. हो, खुनी हा शब्द मी वापरला. पत्रकाची सवय. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "ताई, वाटंत काय झालं तर गाव मला बोलंल, तुमाला नाय. तुमी आज इस्त्रीचे कपडे घालून चालल्या." त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. की कपड्यांवरूनच कळलं.

मी धावले. ड्रेसची ओढणी बोरीच्या काट्यात अडकली ती तशीच फाडून धावले.

भगत खळ्यावर भात पसरत होता. मला बघून त्याने पाठ फिरवली. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"बाबा, चला. फक्त दोरा बांधा. मंत्र नको, काही नको, नुसता दोरा."

"मी सोडला. तुमीच सोडवला ना? भितीवर फोटु हाय माझा. दातबी दिसतात त्यात."

"मी चुकले असं म्हणू का? म्हणते. चला."

"नारळ ठेवलाय देवाजवळ. शपथ मोडली तर कुनावर येल ते? माझ्या नातवंडांवर. तुमचं काय, तुमी आज हाय, उद्या कल्यानला."

हा माणूस मला चिडवत होता का? थोडं चिडवत होता. अपमान त्याने जपून ठेवला होता आणि आता बाहेर काढला होता. पण त्याचा एक हात भातात तसाच रुतलेला होता, आणि शपथ म्हणताना त्याने दुसरा कानाच्या पाळीला लावला. तोही घाबरला होता. त्या सकाळी सगळं गावच घाबरलेलं होतं आणि एका बाईचा पाय फुगत होता.

"शपथ माझ्यावर घेते."

"तोंडानं नाय व्हत. नारळ उचला तिथनं. तुमच्या हातानं. उचलला की माझी सुटली, तुमच्यावर आली."

"एवढंच?"

"एवढंच," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "जमंल?"

आम्ही ओढ्याकडे गेलो. उंबराखाली पावसाळाभराचा पाचोळा साठलेला, घोट्याएवढा. नारळ दगडांपुढे नव्हता. तो घरंगळून मुळांच्या मधल्या खबदाडीत गेला होता. शेंडी तेवढी दिसत होती. खबदाड अंधारी, ओली, तिच्या तोंडाशी उंदरांनी उकरलेली माती. माझ्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला छापलं होतं: पाचोळ्यात, बिळात, दगडांच्या सांदीत हात घालू नये.

काठी घ्यावी म्हणून मी इकडेतिकडे बघितलं. "काठीनं नाय," भगत मागून म्हणाला. "हातानं."

मी गुडघ्यावर बसले. त्या वेळी मला काय वाटलं ते मोठे शब्द न वापरता सांगायचं तर, मला उलटी होईल असं वाटलं. कान बंद झाले. ओढ्याचा आवाज यायचा थांबला. पाचोळ्यात काही हललं की माझ्याच गुडघ्याखालचं पान होतं ते कळेना. मनात अगदी स्पष्ट वाक्य आलं: ऊठ आणि जा, कुणी तुला दोष देणार नाही, या लोकांची अंधश्रद्धा आहे, तू प्रयत्न केलास. वाक्य चांगलं होतं. सरांना फोनवर सांगता आलं असतं. जुन्या मॅडमना सांगता आलं असतं, त्यांनी मान हलवली असती. पण वहिनी म्हणाली होती जाऊ द्या ना गाडी, आणि ते वाक्य तिला सांगता आलं नसतं.

हात आत घातला. आधी गार माती. मग काहीतरी गुळगुळीत, माझा हात आपोआप मागे आला, मी किंचाळले. "मूळ हाय ते," भगत म्हणाला. पुन्हा घातला. शेंडी हाताला लागली, ओढली, आली नाही. नारळ अडकला होता. कोपरापर्यंत हात घालून तो फिरवावा लागला. डोळे मिटलेले होते. तोंडाने मी काहीतरी म्हणत होते. काय म्हणत होते ते मी नाही सांगणार, पण ते घोषणांपैकी नव्हतं.

नारळ हातात आल्यावर भगताने धोतर खोचलं आणि शिवेकडे चालू पडला. त्या वयाचा माणूस इतका भरभर चालतो हे मला माहीत नव्हतं. मी मागे धावत, छातीशी नारळ, हाताला माती.

शिवेवर त्याने कमरेचा काळा दोरा काढला. मी म्हटलं, "घट्ट नको. रक्त थांबेल."

"दोरा बांधतो, फाशी नाय देत."

सैल बांधला. दोन ओळी पुटपुटला, चिमूटभर तांदूळ दगडावर टाकले आणि जीपच्या पत्र्यावर थाप मारली. "जा." सगळं इतक्या लवकर संपलं की मला रडू फुटलं. ज्याच्यासाठी मी एवढा काळ भांडले ते काम इतकं छोटं होतं. ड्रायव्हरने चावी फिरवली तेव्हा दोन्ही हात कपाळाला लावले, आणि मग मात्र त्याने जीप अशी सोडली की वळणावर काकू माझ्या अंगावर आल्या.

वाटेत वहिनीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ती पदराने पुसत होती आणि पदर बघत होती. मी नारळ मांडीवर घेऊन बसले होते, कारण ठेवायला दुसरी जागा नव्हती. ती म्हणाली, "ताई, तुमचे इस्त्रीचे कपडे." एवढंच. मी तिचा हात धरला. तो गार होता. मी तिच्याशी बोलत राहिले, जे तोंडात येईल ते, आणि मनात सारखं हेच: वेळ गेला, वेळ गेला, तूच लिहिलंस, वेळ गेला की माणूस जातो.

धसईच्या दवाखान्यात तिला विषावरची पहिली सुई मिळाली आणि तिथून दुसऱ्या गाडीने मुरबाडला पाठवलं. नवरा कारखान्यातून तसाच गणवेशात पळत आला. डॉक्टरीणबाईंनी वहिनीचं रक्त एका काचेच्या नळीत घेतलं आणि टेबलावर उभं करून ठेवलं. गोठलं तर बरं, नाही गोठलं तर विष अजून चालू आहे, असं त्यांनी मला सांगितलं. मग त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या आणि मी त्या नळीसमोर बसले. पहिल्यांदा नळी आडवी केली तेव्हा रक्त पाण्यासारखं हललं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही. आणखी सुया. पुन्हा नळी. पुन्हा पाणी. तिसऱ्या खेपेला बाईंनी नळी आडवी केली आणि आतलं लाल तसंच चिकटून राहिलं, हललं नाही. त्या म्हणाल्या, "गोठलं." मी नळीकडे बघत होते. उलटी केली तरी ते पडत नव्हतं. मला वाटलं याहून सुंदर मी काही पाहिलेलं नाही, आणि लगेच वाटलं की आता मी खाली बसले पाहिजे. बसलेलीच होते.

सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहवालात भगताचा भाग गाळ. अंधश्रद्धेला खतपाणी घातल्यासारखं होईल. आणि वाचलेल्या बाईचा फोटो मिळेल का?" मी म्हटलं, भगताचा भाग गाळला तर बाई अजून शिवेवरच पडलेली आहे सर. ते म्हणाले, तू दमली आहेस. दमले होतेच. पण माझा आवाज चढला तो दमल्यामुळे नव्हता. चांगल्या कामाच्याही कंपन्या असतात आणि त्यांचेही नियम असतात, एवढं मला त्या दिवशी कळलं. इथेही मी टेबलावर ओरडणार होते. पण इथून राजीनामा देऊन कुठे जायचं?

वहिनी घरी आली तेव्हा पाय काळानिळा होता पण आपला आपण टेकत होती. मी भगताकडे गेले आणि नारळ पुढे केला. "घ्या तुमचा."

त्याने हात मागे घेतले. "माझा कसा? माझ्याकडं आला तर शपथबी आली. मंग मी दोरा नाय बांधनार. पुन्ना जीप तिथंच."

"मग मी काय करू याचं?"

"ठेवा. तुमी हाय तवर तुमच्याकडं. जाल तवा मला द्या, मंग काय करायचं ते गाव बघंल." आणि मग, अगदी चेष्टेच्या सुरात, "कल्यानला कधी चाल्ल्या?"

मी त्याच्याशी करार केला. करार म्हणजे काय, भांडणच ते. साप चावला की त्याने शिवेवर यायचं, लोकांनी त्याच्या दारात जायचं नाही. दोरा सैल, जीप चालू ठेवून. तो म्हणाला, इंजिन चालू असलं तर देवाला आयकू येत नाय. मी म्हटलं, येतं. त्यावर आम्ही बराच वेळ वाद घातला. शेवटी इंजिन चालू राहिलं.

जुन्या मॅडमचा पुन्हा फोन आला. त्या वेळी मी शाळेच्या ओट्यावर होते. त्यांनी विचारलं, येतेस ना? मी म्हटलं, कळवते. अजून कळवलेलं नाही. धाडस वगैरे काही नाही. मला जायची भीती वाटते, आणि राहायचीही तेवढीच वाटते. पुढच्या कापणीला कुणाच्या पायाला काय डसेल, भगत म्हातारा झाला तर शिवेवर कोण येईल, हे विचार येतात तेव्हा उठून कागद पुढे ओढते. कापणी करणाऱ्या बायांना पायात घालायला गमबूट कुणी देत नाही, यावर नवं पत्रक लिहिते आहे. पहिल्या ओळीत शत्रू अजून सापडलेला नाही.

मधे आई आली होती. आसनगावहून बदलत बदलत, गुडघे चोळत, माझं गाव बघायला. खोलीत शिरताच तिने फळीवरचा नारळ बघितला. उचलून कानाशी हलवला. "पाणी आटत आलंय. खवट होईल. चटणी करते," असं म्हणून तिने काकूंचा कोयता घेतला.

"नको!" मी ओरडले. एवढ्या जोराने की बाहेर वहिनीने भांडं खाली ठेवलं.

आई कोयता हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. लहानपणापासून तिच्या देवघराला हसणारी मी. तिच्या उपासांवर कॉलेजात पत्रक लिहिणारी मी.

"कधीपासून?" तिने विचारलं.

हे मी मानत नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि हात मात्र नारळाच्या दिशेने पुढे झालेला होता.

आईने कोयता भिंतीला टेकवला. नारळ पदराने पुसला, फळीवर परत ठेवला, शेंडी वर करून, आणि घरंगळू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना माझ्या पत्रकांचे गठ्ठे सरकवले.

"म्हणजे राहतेस तर," ती म्हणाली, आणि चटणीसाठी वहिनीकडे शेंगदाणे मागायला गेली.